अंतर लिहा, नुसता क्रमांक नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल क्रीडा पानावर महिलांच्या लांब उडीच्या जागतिक विक्रमांचा इतिहास छापलात, त्याबद्दल आभार. पण तो १९८८ पासूनच कसा सुरू होतो? त्या वर्षी सोव्हिएत संघाच्या गालिना चिस्त्याकोवाने लेनिनग्राडला मारलेली ७.५२ मीटरची उडी अजून कुणाला ओलांडता आलेली नाही, कबूल. मग १९२८ मध्ये ५.९८ मीटर मारणारी जपानची किनुए हितोमी कुठे गेली? १९७८ मध्ये सर्वांत आधी सात मीटरपलीकडे गेलेली सोव्हिएत संघाची विल्मा बार्दाउस्किएनेसुद्धा तुमच्या लेखात नाही. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४३ मध्ये तिथल्याच फॅनी ब्लँकर्स-कूनने ६.२५ मीटर उडी मारली. भर युद्धात कुणीतरी टेप लावला, आकडा लिहून ठेवला, म्हणून तो विक्रम १९५४ पर्यंत टिकला.

हे मनाला लागले, कारण माझी मुलगी शाळेकडून लांब उडी मारते. गेल्या पावसाळ्यात स्पर्धा झाल्या तेव्हा जिथून उडी घ्यायची त्या फळीचा रंग पार उडालेला, खड्ड्यातली वाळू न खणता तशीच, घट्ट बसलेली. पोरीच्या टाचा सोलवटल्या. तरी पंचांनी टेप लावला, आकडा पुकारला, कागदावर लिहिलाही. प्रमाणपत्रावर मात्र नुसते 'द्वितीय'. अंतर मागायला गेले तर म्हणाले, "ताई, कागद वर गेले, आता मिळायचे नाहीत." पुढच्या वर्षी ती किती पुढे गेली, हे मी कशाशी ताडून पाहू?

१९९२ मध्ये इटलीतल्या सेस्त्रिएरेला जर्मनीच्या हाइके ड्रेक्सलरने ७.६३ मीटर मारली. पाठीचा वारा सेकंदाला २.१ मीटर होता, मर्यादा २.० ची, म्हणून तो विक्रम धरला नाही. तिकडे वाऱ्याचाही हिशेब ठेवतात आणि आमच्या मुलींची अख्खी उडीच कागदावरून गायब होते. आपल्या अंजू बॉबी जॉर्जने २००४ मध्ये अथेन्सला ६.८३ मारली, शैली सिंगने २०२३ मध्ये बंगळुरूत ६.७६. मधले सात सेंटिमीटर आपल्याला माहीत आहेत, कारण दोन्ही उड्यांची नोंद आहे.

आता तुमच्याबद्दलही बोलते. शालेय स्पर्धांच्या बातमीत उद्घाटक, प्रमुख पाहुणे, स्वागत, आभार यांची नावे ओळीने येतात, फोटोही हारतुऱ्यांचाच. त्यातली दोन नावे कमी करून पहिल्या तीन मुलींचे अंतर छापा. स्पर्धा भरवणाऱ्यांनीही प्रमाणपत्रावर अंतराचा रकाना ठेवावा आणि पुढच्या स्पर्धेआधी खड्डा खणून वाळू मोकळी करावी.

आपली,
एका खेळाडूची आई,
विजापूर रोड, सोलापूर