तिकीट काढण्याआधी

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालास, "मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर, सोळा-साडेसोळा तासांत पोचाल." अंतर मान्य. मी पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला. भिंतीवरचा नकाशा बघितला तर अटलांटिक ओलांडून जावं असं वाटतं. दोरा मात्र मुंबईहून जवळजवळ थेट उत्तरेला निघतो. राजस्थान, लडाख, चीनचा शिनजियांग प्रांत, पुढे सायबेरियावरून वर चढत उत्तर ध्रुवापासून सुमारे दीड हजार किलोमीटर अंतरावरून जातो आणि अलास्का, पश्चिम कॅनडावरून खाली तुमच्याकडे येतो.

वेळेचं मात्र मला पटलेलं नाही. तो आकडा अंतराला सरासरी वेगाने भागून काढलेला दिसतो. त्यात वारा कुठे आहे? विमानं दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडतात. तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात कधीकधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे चौदाशे किलोमीटरने वाढलं आणि वेळ दोनेक तासांनी घटला! वारा पाठीशी होता ना. मला तर ही बातमी वाचून फार मजा वाटली होती.

शिवाय दोऱ्याला सीमा नसतात, विमानाला असतात. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वळसा घालून व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं होतं.

म्हणून थेट विमानाचा आग्रह धरू नकोस. आईचे गुडघे तुला माहीत आहेत. सतरा तास सलग बसली तर पाय सुजून चप्पलसुद्धा चढणार नाही. फ्रँकफर्टमार्गे काढ. एकूण पावणेसोळा हजार किलोमीटर होतात खरे, पण पहिला टप्पा साडेसहा हजारांचाच, आणि मध्ये तिला तीन-चार तास पाय मोकळे करता येतील. दोन तासांचं अंतर ठेवून स्वस्त पडतंय म्हणून ते घेऊ नकोस. सुरक्षा तपासणीच्या रांगेत आमची धावपळ होईल.

तारीखही नीट बघ. येताना घड्याळ साडेबारा-साडेतेरा तास मागे जातं, त्यामुळे इथून सकाळी निघालो तर त्याच तारखेला रात्री तुझ्याकडे असू. परतताना तेवढेच तास खर्ची पडतात, तेव्हा काकांच्या पंच्याहत्तरीच्या दोन दिवस तरी आधीचं परतीचं तिकीट हवं.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदव. आणि फ्रँकफर्टहून पुढचं विमान ग्रीनलँडवरून जातं हे आईला सांगू नकोस, ती स्वेटरांची वेगळी बॅग भरेल.

तुझे,
बाबा