आई-बाबा, मी मिहानला नाही, मुंबईला चाललीय

ती. आई-बाबा,
सप्रेम जय भीम.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा गप्प बसले असते आणि आईनं फोन दादाच्या हातात दिला असता, म्हणून लिहून राहिली. आई, तूच मोठ्यानं वाचून दाखव, बाबांचा चष्मा अजून बदलला नसणार.

मी राजीनामा दिलाय. पुण्यातून नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसला ट्रान्सफरचं जे चाललं होतं ते कंपनीनं नाकारलं नाही, मीच नको म्हटलं. एक तारखेपासून मुंबईला अंधेरीत एका छोट्या ऑफिसात लागतेय, हे लोक कलाकारांची प्रसिद्धी बघतात आणि माझ्याकडे हिप हॉपवाले राहतील, म्हणजे रॅप करणारी पोरं. बाबा, लगेच उठून जाऊ नका, शेवटपर्यंत ऐका.

मला माहीत आहे तुम्ही वरची खोली रंगवून घेतली. दादा बोलला. ते ऐकल्यापासून मला नीट झोप नाही, कारण जानेवारीत बाबांना स्टेंट टाकला तेव्हा मी रात्रभर त्या कॉरिडॉरमध्ये बसून हेच ठरवलं होतं की आता नागपूरच. पण मग पुण्याला परत आली, दिवसभर कंपनीचं काम आणि रात्री त्या पोट्ट्यांच्या प्रेसनोट लिहिणं, हे किती वर्षं चालवायचं? तुम्हाला वाटत असेल हा छंद आहे, शनिवार-रविवारचा. छंद नाही. मला हेच काम नीट जमतं आणि हेच करावंसं वाटतं.

बाबा विचारतील, पब्लिसिस्ट म्हणजे मॅनेजर का? नाही. मॅनेजर पैशाचे व्यवहार, शोच्या तारखा बघतो. जाहिरातवाला पैसे देऊन जागा घेतो. मी जागा विकत घेत नाही, मी पत्रकाराला पटवून देते की या पोराबद्दल लिहिण्यासारखं काहीतरी आहे, आणि मग तो लिहील नाहीतर नाही लिहिणार. अल्बम यायच्या दीड-दोन महिने आधीपासून सुरू होतं, त्याची ओळख लिहायची, चांगले फोटो काढून घ्यायचे, कोणत्या पत्रकाराला आधी गाणं ऐकवायचं ते ठरवायचं, अमुक वेळेच्या आधी छापू नका म्हणून सांगायचं. २०१५ पासून जगभर नवीन गाणी शुक्रवारी येतात म्हणून आमचा गुरुवार म्हणजे नुसती धावपळ. स्पॉटिफायवर त्यांच्या प्लेलिस्टवाल्यांनी गाणं ऐकावं असं वाटत असेल तर किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, आणि ही पोरं आदल्या रात्री गाणं पूर्ण करतात! त्यांच्या मागे लागून तारखा पाळायला लावणं हे पण माझंच काम.

आता आई, मन लावून ऐक, ही गोष्ट तुला सांगायचीच होती. मागच्या वर्षी एका पोराची मुलाखत ठरवली. वस्तीतला आहे, नाव नाही सांगत. त्याच्या आईचा आजार, त्याची शाळा सुटली, हे सगळं त्यानं गाण्यात आणलंय पण त्याला त्याच्याबद्दल बोलायचं नव्हतं. मी पत्रकाराला आधीच सांगितलं होतं, आईवर प्रश्न नको. मुलाखत सुरू झाली आणि तिसऱ्याच प्रश्नाला ते आलंच, घरी दोन वेळ जेवायला मिळायचं का, आई रडायची का. पोरगं खाली बघत टीशर्टचं टोक पिळत बसलं. मी म्हटलं सर, याला विचारा ना एका ओळीत चार यमकं कशी बसवतो, ते त्याला दोन तास बोलता येईल. आणि खरंच बोलला तो, टेबलावर बोटांनी ताल धरून एक-एक शब्द कुठे पडतो ते दाखवलं. तो पत्रकार वाईट माणूस नव्हता, त्यानं पण ते छानच लिहिलं. पण कोणी बाजूला बसलेलं नसतं तर त्या पोराच्या गरिबीची बातमी झाली असती आणि गाणं शेवटच्या ओळीत गेलं असतं. म्हणून मी हे काम करते.

बाबा, तुम्ही म्हणता हा अमेरिकेच्या श्रीमंतांचा प्रकार आहे, शिव्यांचा. शिव्या आहेत काही गाण्यांत, मी खोटं कशाला बोलू. पण श्रीमंतांचा नाही हो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला एका बिल्डिंगच्या हॉलमध्ये पार्टी झाली, तिथून हिप हॉपची सुरुवात धरतात. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे पाहिजे होते, म्हणून तिनं ती ठेवली आणि तिचा भाऊ डीजे कूल हर्क, त्यानं रेकॉर्ड वाजवल्या. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट तिकीट. आणि निमंत्रणं सिंडीनं छोट्या कार्डांवर हातानं लिहिली होती. हे वाचलं तेव्हा मला आपली मागची खोली आठवली, तुम्ही पोस्टातून यायचे आणि चहा पण न घेता कार्बन लावून मंडळाच्या भीमगीतांच्या कार्यक्रमाची पत्रकं लिहायला बसायचे, वर डाव्या कोपऱ्यात ‘कृपया प्रसिद्धीसाठी’, खाली रेघ, आणि मी सायकलच्या दांड्यावर बसून तुमच्यासोबत एकेका पेपरच्या ऑफिसात जायची. गायकाचं नाव तुम्ही दोनदा तपासायचे. कोणी पाकीट मागितलं तर तुम्ही पत्रक परत घेऊन जिना उतरायचे. मला हे कोणत्या कॉलेजनं शिकवलं नाही बाबा.

आणि हे पण ऐका. १९८६ साली कॅलिफोर्नियात लाँग बीचला रन-डीएमसी नावाच्या ग्रुपच्या कार्यक्रमात टोळ्यांची मारामारी झाली आणि पेपरवाल्यांनी सगळं खापर रॅपवर फोडलं. त्यांची प्रसिद्धी बिल अ‍ॅडलर बघायचे. पुढे रन-डीएमसीची तीच पोरं लॉस एंजेलिसच्या रेडिओवर बसली आणि टोळ्यांना म्हणाली, थांबवा हे. वस्तीतल्या पोरांच्या हातून काही झालं की सगळ्या वस्तीचं नाव खराब होतं, हे आपल्याला इंदोऱ्यात कोणी समजवायला पाहिजे का? २०१८ ला केंड्रिक लामार नावाच्या रॅपरला अमेरिकेतलं मानाचं पुलित्झर मिळालं, तोवर संगीताचं ते पारितोषिक शास्त्रीय आणि जॅझवाल्यांच्या बाहेर गेलंच नव्हतं. आणि आपल्याकडे अमरावतीचा रॅपर सौरभ अभ्यंकर, दिवाळीत मी मोबाईलवर ऐकवला होता, तेव्हा तुम्ही म्हटलं होतं ‘पोरगं बोलते बरोबर’. मला आठवते सगळं.

आता माझी काळजी. राहायची सोय झाली, दोन मुलींसोबत, एक वर्ध्याची आहे. डबा घरगुती मिळतो, मावशी भाकर पण देतात. ऑफिस चालत दहा मिनिटांवर. रात्रीचे शो असतात हे खरं, पण ऑफिसची गाडी सोडते आणि मी घरी पोचली की मेसेज टाकीन, कितीही वाजले तरी, तू वाट बघत जागत बसू नको. पगार सध्यापेक्षा कमी आहे, लपवून काय करू, पण घराच्या हप्त्यातला माझा वाटा थांबणार नाही आणि बाबांच्या औषधाचे पैसे पहिल्यासारखेच येतील. संध्याकाळी सीएसएमटीला विदर्भ एक्स्प्रेस पकडली की सकाळी नागपूर, पुण्याहून यायची तशीच.

बाबा, एक काम तुमच्यासाठी काढून ठेवलंय आणि हे मी मन राखायला म्हणत नाही. मुंबईत प्रेसनोट आधी इंग्रजीत लिहितात आणि मग कोणीतरी घाईत मराठी करते, ती इतकी अवघड असते की पेपरवाले फेकून देतात. मी पहिल्यापासून मराठीतच लिहिणार आहे आणि पाठवायच्या आधी तुम्ही बघून द्यायची. लाल पेनानं खुणा करून फोटो पाठवा, व्हॉइस मेसेज नको, तुम्ही त्यात खूप लांब जाता.

आणि आता दोघंही ऐका. रक्त पातळ व्हायची गोळी एक दिवस पण चुकवायची नाही, दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. दुपारी अकरा ते चार बाहेर नाही, कमाल चौकात भाजी सकाळीच. कूलरमध्ये बादलीनं पाणी भरणं बंद, दादाला पाइप लावून द्यायला सांगितलंय, लावला नसेल तर मला सांगा. तर्री रविवारी एकदा, ती पण अर्धी वाटी. आई, तुझ्या गुडघ्याचं तू कोणाला सांगतच नाही, जिन्यावर चढून वरच्या खोलीत काही ठेवायला जाऊ नको आता. त्या खोलीत सध्या गाद्या ठेवू नका, मी बुद्ध पौर्णिमेला येते तेव्हा तिथेच झोपीन. रंग आवडला मला, दादानं फोटो टाकला होता.

रागावले असाल तर रागवा, पण फोन उचला.

तुमची,
बेबी

ता. क. आई, सांभारवडी करशील तेव्हा वर्ध्याच्या मुलीला पण दे म्हणते, तिनं कधीपासून नाव ऐकलंय. दादाच्या हाती पाठवू नकोस, तो गाडीत खाऊन टाकते, मी आली की डब्यात भरून दे.