गाडी जुनी आहे, पण तयार आहे

ॲडलेड,
जूनचा शेवटचा रविवार

तीर्थरूप आई-बाबांस व आजीस,
शि. सा. न. वि. वि.

काल ताई म्हणाली, की गाडीचा फोटो आल्यापासून आईच्या डोळ्याला डोळा नाही आणि बाबा काहीच बोलत नाहीत. फोनवर सांगायला गेलं की निम्मं राहून जातं, म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय. बाबांना मोबाईलवर लांबलचक वाचवत नाही, तेव्हा मोठ्या अक्षरांत छापून द्यायला मी ताईला सांगितलंय. आजी, तुला दादा वाचून दाखवेल.

माझी तब्येत, नोकरी, जेवण सगळं आहे तसंच चालू आहे. गोडा मसाला अजून पुरतोय, मेतकूट जपून वापरते. तिकडे निवृत्तिनाथांची पालखी येऊन गेली असेल. आजी या वर्षी दर्शनाला गेली का? तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावरची पहिलीच पालखी, म्हणून विचारतेय.

आता गाडी. आई, तू म्हणालीस, "एवढ्या लांब जाऊन लोकांची टाकाऊ गाडी कशाला घेतलीस?" ती टाकाऊ नाही गं. टोयोटाची लँड क्रुझर आहे, ७५ सीरिजची, नव्वदच्या दशकातली. इथे तिला सगळे ट्रुपी म्हणतात. खाणीवाले, शेतकरी, दवाखान्याची माणसं, जो कोणी लांबच्या वैराण भागात काम करतो त्याच्याकडे ही गाडी दिसते. बाबा, इंजिन ४.२ लिटरचं, सहा सिलिंडर, डिझेल. टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही, पंप मेकॅनिकल. जिथे चारशे किलोमीटरवर गॅरेज नाही तिथे सेन्सर बिघडून बंद पडणाऱ्या नव्या गाडीपेक्षा, पाना आणि टॉर्च घेऊन कळणारी ही गाडी मला जास्त सुरक्षित वाटते. तुम्हीही हेच म्हणाला असतात.

जायचं आहे ते ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या सिम्पसन वाळवंटात. वाळूच्या सुमारे अकराशे टेकड्या, एकीला लागून एक, सगळ्या समांतर. पश्चिमेकडून माउंट डेअरहून निघायचं आणि पूर्वेला बर्ड्सव्हिलला उतरायचं. मध्ये पाचशेच्या वर किलोमीटर एकही पेट्रोल पंप नाही. नाशिकहून मुंबईला तीनदा जाण्याइतकं अंतर धरा. पश्चिमेकडून जायचं कारण त्या बाजूचे चढ सौम्य आहेत, पूर्वेकडचे उभे. आणि आपण थंडीत जातोय. उन्हाळ्यात, १ डिसेंबर ते १५ मार्च, ते वाळवंट सरकारच बंद ठेवतं, कोणालाही सोडत नाहीत. तू टीव्हीवर जे उन्हाचं पाहिलंस ते त्या दिवसांतलं. आता दिवसा आपल्याकडच्या माघासारखी हवा असते, रात्री मात्र पाणी गोठेल इतकी थंडी. तू विणलेला स्वेटर बरोबर आहे.

तयारी किती केली ते बाबांसाठी लिहिते. आई, तुला कंटाळा आला तर पुढे जा.

सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट, कारण आधीच्या मालकाच्या वहीत तो कधी बदलला याची नोंद सापडत नव्हती. बरोबर वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि सगळे होज बदलले. रेडिएटर काढून आतल्या नळ्या साफ करून घेतल्या. पुढच्या चाकांमागची सीलं गेली होती, ॲक्सलचं ऑइल ग्रीसमध्ये मिसळून काळं पातळ पाणी झालं होतं. दोन्ही बाजू उघडून धुतल्या, नवी सीलं घातली, चाकांच्या बेअरिंगमध्ये हातानं ग्रीस भरलं. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस नवे. शॉकअप चारही नवे. पाटे उतरवून एकेक पाटा तपासला, बुश बदलले. डिफरन्शियलच्या ब्रीदरला लांब नळी लावून ती वर बॉनेटखाली नेली, म्हणजे गरम ॲक्सल पाण्यात गेला तरी आत पाणी ओढणार नाही.

आणि बाबा, प्रत्येक नट टॉर्क रेंचनं आवळून त्यावर मी पिवळ्या रंगाची रेघ मारली आहे. सातपूरला लाइनवर तुम्ही मारायचात तशीच, नटावरून खाली पत्र्यापर्यंत. वाळवंटाआधीचा रस्ता शेकडो किलोमीटर पन्हळी आहे, त्यात गाडी इतकी थरथरते की घट्ट नटसुद्धा ढिले होतात. रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन गाडीखाली जायचं आणि रेघ तुटलीय का बघायचं, दहा मिनिटांचं काम. इथल्या जुन्या लोकांनी हे पाहिलं आणि कुठे शिकलीस म्हणून विचारलं. मी सांगितलं, वडील महिंद्रात होते, नाशिकच्या प्लांटात. रविवारी तुम्ही काकांच्या कमांडर जीपखाली आडवे व्हायचात आणि मी पाने द्यायला बसायचे, तेही सांगितलं.

आता हवेची गोष्ट, कारण दादाला मी पाठवलेल्या व्हिडिओत मी चाकांतली हवा सोडताना दिसते आणि त्यावरून घरात बराच गोंधळ झालाय असं ऐकलं. आपल्याकडे लांब निघायचं तर पहिलं पंपावर थांबून हवा भरून घेतात. इथे उलटं आहे. वाळू लागली की सगळ्या गाड्या रस्त्याकडेला थांबतात, माणसं खाली उतरतात आणि प्रत्येक चाकाजवळ उकिडवं बसून चांगली भरलेली हवा सोडून देतात. अर्धा तास हेच चालतं. कोणी चहा करतं, कोणी गप्पा मारतं, चारी बाजूंनी नुसता फुस्स आवाज. मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं. पण त्याचं कारण फार सरळ आहे. डांबरी रस्त्यावर माझ्या चाकात ३८ पौंड हवा असते. त्या हवेवर चाक कडक असतं आणि जमिनीला थोडंसंच टेकतं. गाडीचं सगळं वजन तेवढ्याशा जागेवर पडतं, म्हणून वाळूत ते चाक खाली खणत जातं. हवा १८ वर आणली की टायर पसरतो, रुंदीत थोडा पण लांबीत पुष्कळ. उंटाचं पाऊल टेकताना पसरतं ना, तसं. वजन वाटलं जातं आणि गाडी वाळूच्या वरून चालते. इंजिनाला कमी जोर लागतो, डिझेल वाचतं, आणि टेकडीवर खड्डे पडत नाहीत, म्हणजे मागून येणाऱ्याचीही वाट खराब होत नाही. वाळू फारच मऊ लागली तर १६. रुतलोच तर आणखी उतरवून हळूच बाहेर यायचं.

मात्र हवा कमी असली की वेग कमी ठेवायचा आणि झटक्यात स्टिअरिंग फिरवायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. पुन्हा कडक रस्ता लागला की परत थांबून हवा भरायचीच. मऊ टायर जोरात पळवला तर त्याच्या बाजू सारख्या दुमडून तापतात आणि फुटतात. त्यासाठी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर गाडीत आहे. म्हणून समोरून कोणी आलं की वायरलेसवर "कसे आहात" च्या आधी "किती ठेवलीय?" असं विचारतात. मी नेहमी १८ सांगते. तेव्हा आई, हवा सोडताना मी दिसले तर चाक पंक्चर झालं असं समजू नकोस.

एकटी जाणार नाही, हे मी फोनवर सांगितलं होतं, पुन्हा लिहिते. दोन गाड्या आहेत. दुसऱ्या गाडीत माझ्या कामावरचे फोरमन आणि त्यांची बायको, दोघंही साठीच्या पुढचे, हे वाळवंट आधी पार केलेले. माझ्या गाडीत माझी केरळची मैत्रीण, ती हॉस्पिटलात नर्स आहे. गाडीपुढे जमिनीपासून साडेतीन मीटर उंच काठीला झेंडा लावावाच लागतो, कारण टेकडीच्या माथ्यापलीकडून कोण येतंय ते दिसत नाही. झेंडा आधी दिसतो. शिवाय वायरलेसच्या दहा नंबरच्या चॅनलवर आपण कुठल्या बाजूनं चढतोय ते बोलत राहायचं असतं.

पाणी माणशी दिवसाला सात लिटर धरून, वर चार दिवसांचं जास्तीचं घेतलंय. डिझेल दोन टाक्यांत आणि वर कॅनमध्ये. अडकलो तर ओढायचा पट्टा आहे आणि तो फक्त चासीला बोल्ट केलेल्या हुकालाच लावायचा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीही नाही, तो तुटून उडाल्यानं माणसं गेली आहेत. हे मी माझ्या मैत्रिणीकडून पाठ म्हणून घेतलंय. रेडिएटरपुढे बारीक जाळी लावलीय, कारण तिथल्या स्पिनिफेक्स गवताचं बी आत अडकून इंजिन तापतं. तेच गवत गाडीखाली सायलेन्सरला चिकटलं तर पेट घेतं, म्हणून दर थांब्याला खाली वाकून ते काढायचं. आग विझवायचा सिलिंडर सीटच्या बाजूलाच आहे.

फोन लागणार नाही हे खरं. साधारण आठवडाभर. पण उपग्रहावर चालणारं एक यंत्र घेतलंय, रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचले की ताईच्या मोबाईलवर "सुखरूप" असा मेसेज आणि नकाशातला ठिकाणा येईल. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची दुपार. एखाद्या दिवशी उशीर झाला तर घाबरू नका, टेकड्यांमध्ये वेळ लागतो. त्याशिवाय एक वेगळं बीकन आहे, जिवावर बेतलं तरच दाबायचं. दाबलं की कॅनबेराच्या बचाव केंद्राला जागा कळते. इथे १९२८ पासून विमानानं डॉक्टर पाठवायची सेवा आहे, ती त्या भागातही पोचते. हे तुला धीर यावा म्हणून लिहितेय, लागेल म्हणून नाही.

रजेचं दादाला वाईट वाटलं असेल. मी ती फेब्रुवारीतच टाकली होती, तेव्हा त्याचं ठरलंही नव्हतं. साखरपुडा मी मोबाईलवर पूर्ण बघितला, अगदी शेवटी वहिनीच्या मावशींनी फोन उलटा धरला तोपर्यंत. खूप छान दिसत होते दोघं. आईची जांभळी पैठणी लगेच ओळखली. लग्नाला मी येणार म्हणजे येणारच. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त निघाला की त्याच दिवशी कळवा, रजा दहा दिवसांची उरली आहे, त्यातले दोन प्रवासात जातील. हळदीच्या आदल्या दिवशी पोचेन असं बघते. रुखवताचं काम ताईवर एकटीवर पडेल, त्याबद्दल तिच्याशी मी वेगळी बोलेन.

पैशांचं. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता मे महिन्यात गेला, बँकेकडून पत्र आलं की बाबांनी फाइलमध्ये लावून ठेवावं. गाडीसाठी कर्ज काढलेलं नाही. फोरमनच्याच ओळखीतून घेतली, दुरुस्ती मी स्वतः केली, फक्त सुट्या भागांचे पैसे गेले. या गाड्यांना इथे अजून मागणी आहे, विकली तर घातलेले पैसे निघतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे दादाच्या खात्यात टाकलेत, पाऊस जोर धरायच्या आत काम करून घ्या, मागच्या वर्षीसारखं आजीच्या खोलीत भांडी मांडायला नकोत. हॉलच्या ॲडव्हान्ससाठी बाबांनी एफडी मोडायची नाही. ती रक्कम मी १० जुलैच्या आत पाठवते. काकांच्या द्राक्षांचं अवकाळीनं झालेलं नुकसान ताईकडून कळलं. त्यांना आत्ता देण्याघेण्याचं काही बोलू नका, पुढच्या हंगामानंतर बघू.

आणि आई, तू पाठवलेलं स्थळ मी पाहिलं. मेलबर्नचा, घर नाशिकरोडचं, फोटोत माणूस बरा वाटतो. मी नाही म्हणत नाहीये. वाळवंटातून परत आले की जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी स्वतः त्याच्याशी फोनवर बोलेन, हे तू त्यांना सांगू शकतेस. फक्त एक कर, गाडीचं आणि या प्रवासाचं त्यांना आधीच सांग. ताई म्हणाली, तू तो फोटो त्यांना दाखवू नको म्हणतेस. दाखव. ज्याला हे चालणार नाही त्याच्याशी माझं पुढेही जमणार नाही, आणि चालणार असेल तर त्यानं ते पहिल्या दिवसापासून जाणलेलं बरं. तुझ्या मनासारखं व्हावं असं मलाही वाटतं, ते या वर्षी नाही झालं तरी मी टाळतेय असं मानू नकोस.

आजीला साष्टांग नमस्कार, दादा-ताईला प्रेम, वहिनीला आतापासूनच नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुमची धाकटी

ता. क. बाबा, एक विचारायचं राहिलं. सगळं सामान भरल्यावर गाडी मागून दोन बोटं बसते. पाटे सरळ आहेत, तडा कुठे नाही. काकांच्या कमांडरला तुम्ही मागे एक पाटा वाढवला होता, तसा वाढवू का? मला वाटतं, डिझेल आणि पाणी संपत आलं की मग ती कडक होऊन पन्हळी रस्त्यावर उडेल, म्हणून छतावरचं वजनच कमी करावं. तुमचं काय मत आहे ते गुरुवारपर्यंत दादाकडून व्हॉइस मेसेज करून सांगा. शनिवारी पाटे पुन्हा उतरवायला जागा मिळाली आहे.