नृत्य हा विषय यादीतून काढू नकोस

प्रिय सानिका,

ए-लेव्हलला (ब्रिटनमधली आपल्या बारावीसारखी परीक्षा) कोणते विषय घ्यायचे यावर काल फोनवर तू म्हणालीस, "आई, डान्स काढला मी यादीतून, सायकॉलॉजी टाकलंय," आणि लगेच आजीच्या गुडघ्याकडे वळलीस. आजी बरी आहे, वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते. ती झोपली की मला इथे निवांतपणा मिळतो, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

सायकॉलॉजी मनापासून आवडत असेल तर माझं काहीच म्हणणं नाही. पण गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये त्या काकांनी "ए-लेव्हलला डान्स? मग अभ्यास कधी करणार?" असं विचारलं, तेव्हा तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला होता. त्यामुळे काढला असशील, तर परत घाल. हा सोपा विषय नाही, आणि तो अभ्यास नाही असं तर मुळीच नाही.

मी अभ्यासक्रम नीट वाचलाय. निम्मे गुण प्रात्यक्षिकाला आहेत: एकटीचं नृत्य, चौघींचं नृत्य आणि तू इतरांवर बसवलेली रचना. उरलेले निम्मे अडीच तासांच्या, 100 गुणांच्या लेखी पेपरला. त्यात थोडे छोटे प्रश्न आणि प्रत्येकी 25 गुणांचे तीन निबंध. इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही घाम फुटेल असा हा पेपर आहे. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी जे पॉइंट्स मोजतात, तेही नृत्यातल्या ए ग्रेडला 48 आणि फिजिक्समधल्या ए ग्रेडलाही 48.

आणि त्या पेपरात नेमकं काय करायचं असतं, ते तू करून दाखवलंयस. ऑक्टोबरच्या सुट्टीत आपण नृत्यकार क्रिस्टोफर ब्रूसचं 'रूस्टर' हे नृत्य बघितलं, आठवतं? रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या आठ गाण्यांवरचं, 1991 सालचं. तो पुरुष मान पुढे काढत, टाय सारखा करत, मनगटाशी बाही ओढत चालतो, तिथे तू व्हिडिओ थांबवलास. म्हणालीस, "आई, हा कुणासाठी नटतोय? समोर तर कुणीच नाही." मग मागे जाऊन पुन्हा लावलंस आणि बायका त्याच्याकडे कशा बघतात, कुठे त्याची टिंगल करतात, कुठे त्याच्या तालात ओढल्या जातात, हे एकेक दाखवत गेलीस. हालचालीवरून अर्थाकडे जाणं आणि प्रत्येक विधानाला पुरावा देणं, हेच त्या निबंधात मागतात. सध्याच्या अभ्यासक्रमात 'रूस्टर' सगळ्यांना सक्तीचं आहे, आणि त्याच्याबरोबर रॅम्बर्ट या ब्रिटिश नृत्यकंपनीचा 1966 ते 2002 हा काळ.

तो काळही वाचण्यासारखा आहे. मूळच्या वॉर्साच्या मारी रॅम्बर्टनं 1926 साली लंडनमध्ये आपल्या कंपनीचा पाया घातला. पुढे मोठमोठे क्लासिकल बॅले घेऊन गावोगाव फिरणं परवडेना, तेव्हा 1966 मध्ये कंपनी लहान केली आणि कंपनीतल्याच नृत्यकार नॉर्मन मॉरिसच्या पुढाकाराने ती आधुनिक नृत्याकडे वळली. म्हणजे मंचावर काय दिसणार, हे ठरण्यात पैशाचाही हात होता. हा इतिहासच आहे गं, फक्त त्यातली माणसं नाचतात.

दुसरी कलाकृती शाळा निवडते: 1841 चं 'जिझेल' हे बॅले, अमेरिकन नृत्यकार मार्था ग्रॅहमचं 1944 चं 'ॲपलाचियन स्प्रिंग', 1952 चा 'सिंगिंग इन द रेन' हा सिनेमा, नाहीतर शाओलिन भिक्षू आणि 21 लाकडी पेट्या घेऊन सिदी लार्बी शेरकावीनं 2008 मध्ये केलेलं 'सूत्र'. तुझ्या शाळेत कोणतं आहे, ते विचारून घे. मला विचारशील तर ग्रॅहम यावी असं वाटतं, कारण मग 1900 ते 1945 मध्ये अमेरिकेत आधुनिक नृत्य कसं सुरू झालं ते शिकायला मिळतं, त्यातल्या आद्य नर्तकी इसाडोरा डंकनपासून. आपल्या पुण्याच्या रोहिणीताई भाटे यांनी इसाडोराचं आत्मचरित्र मराठीत आणलं होतं. कथकसाठी आयुष्य वाहिलेल्या, 1947 मध्ये नृत्यभारती काढणाऱ्या बाईंना ते करावंसं वाटलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

गांधर्व महाविद्यालयाच्या कथकच्या परीक्षांना आम्हालाही लेखी पेपर असायचा. तालाचे ठेके दुप्पट-चौपट लयीत (दुगुण-चौगुणीत) लिपीबद्ध करा, व्याख्या लिहा, घराण्यांची माहिती द्या. ते पाठांतर मला अजून उपयोगी पडतं, पण "अमुक तोडा इथेच का?" असं पेपरात कुणी विचारलं नाही. तुला तेच विचारणार आहेत, आणि मला तुझा हेवा वाटतो.

आता जिथे तुला जड जाईल ते सांगते. एकटीचं नृत्य एखाद्या नेमून दिलेल्या नृत्यकाराच्या शैलीत करावं लागतं. तुझं शरीर कथकमध्ये घडलंय: पाठ ताठ, पाय जमिनीवर पक्के, चक्कर घेताना नजर समोर. ग्रॅहमच्या शैलीत श्वास सोडताना पोट आत खेचून पाठ गोलाकार करायची असते आणि बरंचसं काम जमिनीवर. पहिले काही महिने तुला आपण काहीच येत नसल्यासारखं वाटेल. लंडनच्या विंबल्डनमध्ये जन्मलेला नर्तक अक्रम खान लहानपणापासून प्रताप पवारांकडे कथक शिकला आणि मग कंटेम्पररीच्या शिक्षणाकडे गेला. त्याचं काम दोन्हींच्या मधूनच उभं राहिलं. त्यामुळे कथकमधलं पायांचं काम, तत्कार, सोडू नकोस. आणि बसवायच्या रचनेसाठी मैत्रिणींच्या वेळा जुळवताना तुझ्या संध्याकाळी जातील, हेही लक्षात ठेव.

फिजिओथेरपीचं अजून मनात असेल तर बायोलॉजी मात्र ठेवायलाच हवं. बायोलॉजी, इतिहास आणि नृत्य असं जमेल. काही विद्यापीठं पॉइंट्सबरोबर विषयांची नावंही बघतात, म्हणून तुला आवडलेल्या तीन-चार ठिकाणच्या प्रवेशाच्या अटी तू स्वतः वाच आणि शंका असेल तिथे सरळ फोन कर. काकांपेक्षा त्यांचं उत्तर महत्त्वाचं. शिक्षिकेला हेही विचार की वर्गाला पुरेशा मुली आहेत ना, कारण संख्या कमी पडली की शाळा असे विषय बंद करतात.

बाबांशी मी बोललेय. गुरुवारी शाळेच्या ओपन इव्हिनिंगला (विषयांची माहिती देणाऱ्या संध्याकाळी) ते तुझ्याबरोबर येतायत. लेखी पेपराचे जुने नमुने तिथे मागून घ्या आणि त्यातला एक निबंध 'रूस्टर'वर लिहून मला पाठव. मी वाचेन. मग फॉर्म भर.

तुझी,
आई