नानाकाकांचा चौकोन

ती. आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "आता आमची कुंडली मांडतेस की काय?" मी तेव्हा ट्रेनमध्ये होते, नीट सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

खरं तर मांडलीच आहे. आमच्या विद्यापीठात जनुकांवर काम करणारे सगळे दर गुरुवारी एकत्र बसतात. हृदयरोगाचे डॉक्टर असतात, संख्याशास्त्रवाले, कॉम्प्युटरवाले, आणि पेशंटच्या घरच्यांशी बोलणाऱ्या समुपदेशक बाई. त्या बाईंनी परवा प्रत्येकाला आपल्या घराचा तक्ता काढायला लावला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, खाली वय आणि कारण. नानाकाकांच्या चौकोनावर मी रेघ मारली, 47 लिहिलं आणि कारणापाशी हात थांबला.

"हार्टफेल झालं." आपल्या घरात एवढंच म्हणतात. मी आठवीत होते. दांडिया बाजारच्या घराच्या जिन्यात त्यांची पिशवी उलटी पडली होती आणि गिलकी पायऱ्यांवरून खालपर्यंत घरंगळली होती. रात्री सगळे गेल्यावर आई, तू ती एकेक करून उचललीस. आजोबाही पन्नाशीत असेच गेले ना? दोन्ही वेळा 'आयुष्य तेवढंच होतं' म्हणून विषय मिटला.

बाबा, तो विषय मला पुन्हा काढायचा आहे. माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे पेशीत लिहिलेल्या आनुवंशिक माहितीच्या पूर्ण मजकुरात, सुमारे 300 कोटी अक्षरं असतात. हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन बनवणाऱ्या जनुकात आपल्याकडच्या काही लोकांची सलग 25 अक्षरं गळालेली असतात. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतरांच्या साथीने हे 2009 साली मांडलं. भारतीय उपखंडात 100 माणसांत साधारण 4 जणांत ही फट सापडते. ती असलेले कित्येकजण ठणठणीत असतात, पण काहींचं हृदय उतारवयात थकतं. आईबापांपैकी एकात ती असली तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. जगभरच्या अशा अभ्यासांत बहुतेक माणसं युरोपीय वंशाची असतात. आपली माणसं तपासलीच नसती तर ही फट कुणाच्या नजरेलाही पडली नसती. म्हणूनच भारतात 10,000 लोकांचे जीनोम वाचून ती माहिती 2025 च्या जानेवारीत संशोधकांना खुली झाली, तेव्हा मला फार आनंद झाला होता.

नानाकाकांना हेच होतं असं मी म्हणत नाही. ते आता कळणारही नाही. पण दादा 41 वर्षांचा झालाय. घरात दोघं असे अचानक गेले हे त्याच्या डॉक्टरांना माहीत असायला हवं. टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. ही फट शोधणाऱ्या रक्ताच्या तपासणीचं तुम्ही मनावर घेतलंत तरी आधी आत्याशी आणि दादाशी बोला. एकाचा निकाल हाती आला की तो थोडाफार सगळ्यांचाच होतो, आणि ज्याला जाणून घ्यायचं नाही त्याच्यावर आपण लादू नये.

सध्या मला फक्त तक्ता पूर्ण करून हवा आहे. त्र्यंबकेश्वरहून बाबांनी उतरवून आणलेल्या नामावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत, पण आजीच्या बहिणी नाहीत, लग्न होऊन ग्वाल्हेरला गेलेली मोठी आत्या नाही. आई, तुझ्या माहेरचं तर एकही नाव नाही. माझ्या अंगात निम्मं तिकडचं आहे. कोण किती वर्षांचं होऊन गेलं, कुणाला धाप लागायची, कुणाचं मूल लहानपणीच गेलं, सगळं लिहा. 'म्हातारपण' असं मोघम लिहू नका. आठवत नसेल तिथे जागा कोरी ठेवा.

काकूंना मात्र फोनवर विचारू नका. दुपारी त्यांच्याकडे जा, आई, तू त्यांच्याजवळ बस. त्या आठवड्यात काकांना जिना चढताना थांबावं लागत होतं का, हे फक्त त्यांनाच माहीत आहे. इतक्या वर्षांत आपण कुणी त्यांना ते विचारलेलं नाही.

तुमची,
मनू