डांबराच्या आधी गटार

प्रिय मित्रा,

तुझी दोन पत्रं आली आणि इथून एकालाही उत्तर गेलं नाही. तुझा राग रास्त आहे. तब्येत बरी, गुडघा कुरकुरतो, बास. आज लिहितोय ते मात्र दुसऱ्याच कारणाने, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला सांगावं कळेना.

अंदाजपत्रकातली तूट भरून काढायला पालिकेच्या सभेने भुयारी गटारांच्या दुरुस्तीचं लेखाशीर्ष जवळजवळ कोरं केलं, आणि त्याच बैठकीत मुख्य रस्त्याच्या डांबरीकरणाला मंजुरी दिली. त्या रस्त्याखालची लाइन कॅमेऱ्याने एकदाही पाहिलेली नाही! पगार, वीजबिल, कर्जाचा हप्ता यांना हात लावता येत नाही, म्हणून कात्री जमिनीखालच्या कामांवर चालते हे समजतं. पण त्याने खर्च वाचत नाही. सांधा उघडला की भूजल आत शिरतं, सोबत बारीक माती ओढतं, पाइपभोवती पोकळी होते आणि एक दिवस वरचा रस्ता खाली बसतो. तोवर ते फुकटचं पाणी पंप उपसत राहतात आणि शुद्धीकरण केंद्र वीज जाळून साफ करत राहतं. पहाटे 2 ते 4 दरम्यान, घरांचे नळ बंद असताना, चेंबरमध्ये प्रवाह मोजायला सांग. तेव्हा जे स्वच्छसं पाणी वाहतं, त्यातलं बहुतेक झिरपून आलेलं असतं. सभेपुढे ठेवायला याहून चांगला आकडा नाही.

सिमेंटच्या पाइपचं दुखणं वेगळं. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, वरच्या ओल्या भागावर जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि पाइपचा माथा खाल्ला जातो. तळ धडधाकट, माथा कागदासारखा. झाकण उघडून वरून डोकावणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. आणि डोकावणाऱ्यांना एवढं सांगच: साधारण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे शंभर भाग) पुढे नाक बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं नाही. आधी वायू मोजायचा मीटर, आणि माणूस आत उतरवायचाच नाही.

आता आपलं जुनं भांडण. मोठा पाइप टाकला की प्रश्न मिटला, हे तुझं म्हणणं मला अजूनही मान्य नाही. मैला वाहून न्यायला सेकंदाला निदान 0.6 मीटर वेग लागतो. 200 मिमी पाइपला त्यासाठी 250 ला 1 असा उतार धरतात. प्रवाह तेवढाच ठेवून पाइप मोठा आणि उतार सपाट केलास तर पाणी पसरतं, वेग पडतो, गाळ बसतो. लंडनमध्ये 1858 च्या दुर्गंधीनंतर अभियंते बॅझलजेट यांनी बांधलेल्या गटारांत कित्येक अंडाकृती होती, टोक खाली, ती याचसाठी: थोडं पाणीही अरुंद तळातून वेगाने वाहावं.

न खणता पाइपला आतून अस्तर लावायचं, म्हणजे लायनिंगचं, तुझं म्हणणं मात्र खरं ठरलं, अर्धं. राळेत भिजवलेली नळी आत सारून गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाशाने घट्ट केली की तडा, उघडा सांधा, आत घुसलेली मुळं यांना ती उत्तम. आधी जेटिंग, म्हणजे जोरदार पाण्याच्या झोताने सफाई, मग कॅमेरा, प्रवाह बायपास पंपाने वळवायचा, आणि नंतर घरांच्या जोडण्या आतून कापून मोकळ्या करायच्या. यातली एक जोडणी राहिली तर त्या घरात उलटं पाणी! पण पाइप मधे खचून झोळी पडली असेल तर अस्तरही त्याच झोळीत बसतं. तिथे खणावंच लागतं.

खोदाई परवान्याचं तू पूर्वी लिहिलं होतंस, तेव्हा मी त्यावरून नुसताच उडत गेलो होतो. ते आता नीट वाचलं. केबल किंवा गॅसवाले आडवं ड्रिलिंग करतात आणि त्यांची नळी कधी गटाराच्या पाइपमधून आरपार जाते. कोणाला पत्ता नसतो. पुढे तुंबलं म्हणून कोणी फिरतं पातं घालतं आणि गॅसची नळी कापली जाते. म्हणून कामाआधी आणि कामानंतर दोन्ही वेळा कॅमेरा, आणि दुसरं चित्रण पाहिल्याशिवाय अनामत परत नाही, ही तुझी अट मला हवी आहे. शिवाय खोदाईचं शुल्क सर्वसाधारण निधीत जाऊ देऊ नये. एकदा तिथे गेलं की ते पगारात विरघळतं.

फेरविचाराच्या सभेत मी एवढंच मागणार आहे: दुरुस्तीची लांबी कमी करा, पण तपासणीचे पैसे ठेवा. दोषांना 1 ते 5 श्रेणी द्या, 5 श्रेणीचे तुकडे यंदाच घ्या, आणि ज्या रस्त्याखालची लाइन पाहिली नाही त्यावर डांबर नको. ताजा रस्ता फोडायची परवानगी नंतर कोणी देत नाही, आणि दिली तरी ठिगळाचा सांधा पाणी पितो.

लेकीच्या परीक्षेचं काय झालं? नव्या घराचं छत गळायचं थांबलं का? सविस्तर लिही, मी या वेळी उत्तर देईन.

तुझ्या परवान्याच्या नमुन्याची प्रत मात्र त्याआधी पाठव, सभा येत्या आठवड्यातच आहे.

तुझाच