मोतीच्या डोळ्यांबद्दल

नागपूर,
१८ मे

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. तुझ्या मोती कुत्र्याच्या दोन्ही डोळ्यांभोवती केस झडून चष्म्यासारखी कडी पडलीत, कोपऱ्यात पिवळी चिपडं आहेत आणि तो सारखा पंजाने चोळतोय. आधी एकच कर. घरात उरलेले ते माणसांचे डोळ्यांचे थेंब त्याला घालू नकोस. त्यात डेक्सामेथासोन आहे, म्हणजे स्टेरॉइड. चोळून चोळून बुबुळावर जखम झालेली असली, तर स्टेरॉइडने ती भरायची सोडून खोल जाते आणि बुबुळ फुटूही शकतं. शिवाय केस डेमोडेक्सच्या किड्यांमुळे जात असतील तर स्टेरॉइडने अंगातली प्रतिकारशक्ती दबते आणि किडे आणखी फोफावतात.

वर्ध्याहून त्याला थेट सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातच घेऊन ये. निघण्याआधी फोन करून तपासणीची वेळ विचार. त्या दिवशी सकाळपासून डोळ्यांत काहीही घालू नको, कारण पहिली तपासणी अश्रूंची असते. कागदाची पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट अडकवतात. १५ मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर ठीक, १० च्या खाली राहिली तर डोळा कोरडा. मग नारिंगी रंगाची फ्लुरोसीनची पट्टी ओली करून टेकवतात आणि डोळा धुतात. जखम असेल तिथे निळ्या उजेडात हिरवा डाग उरतो. हा डाग नाही हे पाहिल्याशिवाय कोणी स्टेरॉइडचे थेंब लिहून दिले तर घेऊ नकोस.

केसांचं निदान डोळ्याजवळ जरा अवघड असतं. डेमोडेक्स केसाच्या मुळाशी राहतो, त्यामुळे कातडी चिमटीत दाबून बारीक रक्त दिसेपर्यंत खरवडावं लागतं. वरवर खरवडलं की किडा असूनही अहवाल कोरा येतो. पापणीशी पातं चालवणं धोक्याचं, म्हणून तिथले थोडे केस चिमट्याने मुळासकट उपटून तेलाच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तसं करायला सांग. कानाच्या कडा आणि कोपरंही उघडी पडली असतील, घरात तुम्हालाही खाज सुटली असेल, तर खरजेचा संशय घ्यायचा. गोल चट्टा आणि मधले केस तुटलेले असतील तर नायटा. तो मुलांनाही लागतो, तेव्हा निदान होईपर्यंत त्यांना जवळ घेऊ देऊ नको.

डेमोडेक्स निघाला तर हल्ली वजनाप्रमाणे गोळी देतात, फ्लुरालानर १२ आठवड्यांतून एकदा किंवा अफोक्सोलानर महिन्यातून एकदा. त्याला कधी फिट आली असेल तर हे आधीच सांग. केस उगवले म्हणून औषध थांबवायचं नाही. महिन्याच्या अंतराने दोन तपासण्या कोऱ्या आल्या की मगच. पिल्लांत एखाददुसरा चट्टा बरेचदा आपोआप भरतो, पण मोती सात वर्षांचा आहे. या वयात डेमोडेक्स उठला तर आत दुसरं काही आहे का, थायरॉइड वगैरे, हेही बघावं लागतं.

तोवर घरी एवढं कर. मेडिकलमधून नॉर्मल सलाइनची बाटली आण. गॉजचा तुकडा ओला करून चिपडांवर मिनिटभर धर, ती मऊ झाली की नाकाकडून बाहेर पूस. प्रत्येक डोळ्याला वेगळा तुकडा. कापूस नको, त्याचे धागे आत राहतात. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरू नको. गळ्यात प्लास्टिकची कॉलर घाल, ती नाकाच्या टोकापुढे दोन बोटं यायला हवी. आखूड असली की कड डोळ्यालाच घासते. आणि तो कूलरच्या तोंडाशी झोपतो ना, तिथून हलव. या उन्हात तो गारवा शोधणारच, पण ताटीतली धूळ आणि सतत लागणारा वारा डोळे आणखी कोरडे करतात. बाजूच्या भिंतीशी ओलं पोतं टाकून दे.

खोबरेल-कापूर, फिनाइल, गाडीचं जळकं ऑइल, कोणी काहीही सुचवलं तरी नाही म्हण. कुत्रा ते चाटतो आणि पोटात घेतो. अमिट्राझचं, म्हणजे किडे-गोचीड मारायच्या औषधाचं, पाणीही डोळ्यांजवळ लावायचं नाही.

डोळा निळसर-पांढरा झाला, फूल पडल्यासारखा दिसला, आत रक्त दिसलं किंवा तो डोळा उघडेचना, तर नागपूरची वाट बघू नको, त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांकडे ने. गोचिडांच्या तापातही डोळ्यात रक्त उतरतं, म्हणून कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का ते आजच चाचपून बघ.

येताना आतापर्यंत दिलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं आणि त्या थेंबांची बाटलीही घेऊन ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत